तेविसाव्या राशीनंतरची रास

दर्याळ बेटावर गोड्या पाण्याची विहीर एकच आहे. तिथे पाणी पिण्याआधी ते ओढणाऱ्याचं नाव विचारावं लागतं. गावातली माणसंही विचारतात, जरी सगळे एकमेकांना ओळखत असले तरी.

मागच्या पौषात दाभाडेबाई होडीने आल्या. त्यांना बेटावरच्या जागांची नावं आणि जुन्या दफनांच्या जागा नोंदवायच्या होत्या. उन्हाने दमून त्यांनी विहिरीवर ओंजळ पुढे केली आणि आपलं नाव सांगितलं. कळशी माझ्या हातात होती. आमचे जानूआजा म्हणाले, "तुमचा नाव कळला, बाई. पाणी मगे. आदी बेट फिरान येवया."

बेटावर दगडांच्या तेवीस राशींना नावं आहेत. कुठली उतारावर, कुठली घळीत, एक तर भरतीच्या रेषेला लागून. आजा प्रत्येकीपाशी थांबून नाव सांगत होते आणि बाई लिहीत होत्या. चांगुणेची घळ. राणोजीचा उतार. जुळ्यांचं खडप.

"सगळी माणसांचीच नावं?" बाईंनी विचारलं.

आजा खाली बसले आणि सांगू लागले.

फार पूर्वी इथे तापाची साथ आली, असं सांगतात. पंधरा दिवसांत गाव संपलं आणि एकच बाई उरली. तिला एकटीला प्रेतं उचलवेनात. म्हणून ज्याला जिथे मरण आलं, तिथेच तिने त्याला पुरलं आणि वर दगड रचले. रोज सकाळी ती राशींवरून फिरायची आणि एकेकाचं नाव मोठ्याने घ्यायची. आपण गेल्यावर ही नावं कोण घेणार, एवढीच तिला काळजी होती, म्हणे.

एके दिवशी मिठाचा मचवा पाण्यासाठी किनाऱ्याला लागला. तिने खलाशांना सांगितलं, "पाणी देईन. आधी माझ्याबरोबर फिरा." ओहोटी लागत होती, तरी ते फिरले. मचव्याचा म्होरक्या असलेल्या तांडेलाने तेवीसही नावं तिच्यामागून म्हटली. चुकला तिथे तिने पुन्हा म्हणायला लावलं. मग तिने स्वतः ओढून सगळ्यांना पाणी पाजलं. तांडेल म्हणाला, "आमच्याबरोबर चल." ती म्हणाली, "सवय नाही आता मला माणसांची." ती किनाऱ्यावर उभी राहिली आणि मचवा सुटला.

बेटाचं टोक ओलांडल्यावर तांडेल नावं घोकू लागला. तेविसावं म्हटलं आणि त्याच्या ध्यानात आलं. जिने पाणी पाजलं, तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. वारा उलटा होता. मचवा वळवता आला नाही.

पुढच्या हंगामात तो केवळ त्यासाठी परत आला. ती विहिरीच्या काठाशी पडलेली होती, जाऊन बरेच दिवस झाले होते. त्याने तिला तिथेच पुरून दगड रचले. मग तो बेट सोडून गेलाच नाही. आमचं गाव त्याच्यापासूनचं, असं म्हणतात.

विहिरीजवळच्या त्या चोविसाव्या राशीपाशी येऊन बाई थांबल्या. "इथे काय लिहू?"

"ता कोराच ठेवा," आजा म्हणाले. "तांडेलान आपल्या मनाचा नाव घातला नाय. आपण कित्याक घालूचा?"

बाईंनी चोवीस आकडा लिहिला आणि पुढची जागा रिकामी सोडली.

आजही ती रास बिननावाची आहे. सकाळी पहिली कळशी भरणारा तिच्यापाशी क्षणभर थांबतो, काही न बोलता. त्या दिवशी मीही थांबले होते.

मी दोर सोडला, कळशी वर घेतली. बाईंचे ओठ सुकले होते. त्यांनी ओंजळ पुढे केली, मग हात मागे घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुझं नाव काय गं?"

मी सांगितलं, आणि कळशी वाकवली.