उजेडातलं सिंक

या पंचक्रोशीत माझ्याइतक्या बोधकथा कुणालाच येत नाहीत. म्हणजे तीन येतात. त्यातल्या दोन कोल्ह्याच्या आहेत, आणि कोल्हा एकच आहे. तिसरी ही. हिच्यात कोल्हा नाही, राजा नाही, भांडी घासायचं सिंक आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे जागा मिळेल न मिळेल.

एका तालुक्याच्या गावी प्रल्हादराव नावाचे निवृत्त ओव्हरसियर राहत. सगळा जन्म रस्ते मोजण्यात गेला. रस्ते पावसात वाहून गेले, पण मापं बरोबर होती. घरात ते आणि त्यांची बायको मालिनीबाई, दोघंच. माणूस प्रेमळ. खोड एवढीच की कागदावर आखल्याशिवाय काम करायचं नाही, आणि एकदा आखलं की कुणाला विचारायचं नाही.

मालिनीबाईंची नजर चालली होती. भावाबरोबर जाऊन त्या गुपचूप डॉक्टरला दाखवून आल्या होत्या. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. आता समोरचं माणूस म्हणजे त्यांना नुसती सावली. हे तुम्हाला सांगतोय; भावाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. भावाला त्यांनी शपथ घातली होती. कळलं असतं तर पहिल्यांदा त्यांना गॅसपासून हलवलं असतं, पोळ्यांना बाई लावली असती आणि त्यांना खुर्चीत बसवलं असतं. त्यांना खुर्चीत बसायचं नव्हतं.

स्वयंपाकघरात त्यांना डोळे लागतच नव्हते. दारापासून सहा पावलं. मग हात काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर. कडेचा टवका उडालाय तिथे थांबायचं, समोर सिंक, वीतभर वर एका बाजूला नळ. मीठ, हळद, पोळपाट, गॅसचं बटण, सगळं तिथून मोजलेलं. बाकी घरात त्या भिंत धरून चालायच्या आणि गुडघे दुखतात म्हणायच्या. ओट्यापाशी मात्र भराभर.

सिंक जुनं झालं होतं. खालचा पाइप गळायचा, त्याखाली बादली लावलेली.

"अहो, तेवढा पाइप बदलून घ्या," मालिनीबाई म्हणाल्या. "बाकी कशाला हात लावू नका."

त्याच आठवड्यात प्रल्हादरावांना धुतलेल्या ताटाला भाताची शितं चिकटलेली दिसली. ओव्हरसियरच ते, लगेच कारण शोधलं. सिंक कोपऱ्यात, कोपऱ्यात अंधार, म्हणून बायकोला दिसत नाही. निदान अर्धं बरोबर होतं.

महिनाभर आखणी चालली. चौकटीचा कागद, दोन रंगांच्या पेन्सिली. सिंक कोपऱ्यातून काढायचं आणि समोरच्या भिंतीला खिडकीखाली न्यायचं, म्हणजे भरपूर उजेड. ओटाही तिकडेच, नवा, गुळगुळीत. सिंक स्टीलचं, दोन कप्प्यांचं, फिरत्या नळाचं. जुन्या कोपऱ्याचं माप तेवढं त्यांनी घेतलं नाही. जे फोडायचं त्याचं माप कशाला?

हुसेन मिस्त्रीनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "साहेब, वैनींना दाखवलंत का?"

"तिला गंमत द्यायचीय."

"वापरणार तर त्याच."

"तू आपली थापी चालव, हुसेन."

मालिनीबाई भाच्याच्या मुंजीला आठ दिवस भावाकडे गेल्या आणि इकडे घण सुरू झाला. सगळी आळी गुपितात सामील. आमच्या आळीत गुपित म्हणजे जे फक्त ज्याचं त्यालाच ठाऊक नसतं ते. नव्या नळाला झेंडूचा हार घालायची कल्पना माझी. असल्या कामात मी कधी मागे नसतो.

आठव्या दिवशी दुपारी मालिनीबाई आल्या. पिशवी ठेवली आणि हात धुवायला नेहमीसारख्या सरळ आत गेल्या. सहा पावलं. हात पुढे केला. कड नव्हती. हात थोडा वेळ हवेतच राहिला, मग भिंतीला लागला. त्या तिथेच थांबल्या.

आम्ही सगळे पलीकडे खिडकीपाशी, नव्या सिंकच्या दोन्ही बाजूंना, तोंडावर हात ठेवून उभे.

"कसं वाटलं?" प्रल्हादरावांनी विचारलं.

बाई हुशार. ओल्या सिमेंटच्या वासावरून त्यांनी ओळखलं की काहीतरी नवीन केलंय. सिंक जिथे असायचं त्याच रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "छान. किती चमकतंय."

कुणीतरी खुदकन हसलं. बहुतेक मीच. मग कुणी हसलं नाही. प्रल्हादराव हळूच चालत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, अगदी हातभर अंतरावर.

"कोण?" मालिनीबाईंनी विचारलं.

आम्ही एकेक करून बाहेर पडलो. हार तसाच राहिला.

तीन दिवस त्यांनी नव्यानं पावलं मोजून पाहिली. गुळगुळीत ओट्यावर हात घसरायचा, थांबायची जागा सापडायची नाही. चौथ्या दिवशी हात तापलेल्या तव्यावर पडला. पाचव्या दिवशी पोळ्यांना बाई आली, आणि खुर्चीही आली. प्रल्हादरावांनी ती स्वतः निवडली, मापाची. मालिनीबाई आता स्वयंपाकघराच्या दाराशी बसून आतले आवाज ऐकतात. बरणीचं झाकण वाजलं की मान वळवतात. ती बरणी कसली, ते त्यांना कळत नाही. भांडी मात्र लख्ख निघतात. खिडकीतून उजेड येतो, एक शीत राहत नाही.

तुम्ही म्हणाल, बाईंनी आधी सांगायला हवं होतं. म्हणा. पण बाकी कशाला हात लावू नका, एवढं त्यांनी सांगितलं होतं, आणि सोप्या मराठीत सांगितलं होतं. मी सातवीत दोनदा बसलो, मलासुद्धा ते कळलं असतं. कळलं असतं, असं मी म्हणतो. हार तर मीच बांधला.

शेवट अजून राहिलाय, पण शेवटानंतर मला काही बोलता येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

तात्पर्य: ज्याच्या रोजच्या हाताखालची वस्तू बदलायची, त्याला आधी विचारावं आणि तो सांगेल ते ऐकावं, न विचारता केलेल्या चांगल्या कामानंही माणूस आपल्याच घरात परका होतो.

आता शेवट. परवा प्रल्हादराव खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. मग म्हणाले, "अगं, हुसेनला बोलावलंय. सगळं परत फोडतो. जुनं होतं तसंच्या तसं करून देतो तुला, सुताचाही फरक पडणार नाही."

मालिनीबाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं त्या ओट्याशी माझ्या पाठीमागे बसून जेवलात. नळ कुठल्या हाताला होता, तेवढं सांगा."