संत कातरीनचा रहाट

वसईकडच्या उंबरआळीत एक छोटे चर्च आहे. आळीतले लोक त्याला देऊळच म्हणतात. आत संत कातरीनची लाकडी मूर्ती आहे. हाती ग्रंथ, आणि पायाशी चक्क रहाट, तोही पोहऱ्यांसकट. शिकलेले पाहुणे हसतात, म्हणतात सुतार चुकला. चुकलाच तो, आळीतही कोणी नाकारत नाही.

फिरंग्यांच्या अमदानीत पाद्रीबाबांनी आपल्या देशातून एक जुनी रंगवलेली फळी आणली होती, असे सांगतात. तिच्यावर लग्न नाकारून देवासाठी मेलेल्या कुमारिका होत्या. एकीच्या हाती बुरूज, एकीच्या तबकात स्वतःचेच डोळे, कातरीनच्या पायाशी मोडके चाक. ज्याने छळले तेच प्रत्येकीने दागिन्यासारखे मिरवलेले, आणि चेहरे शांत. तशी कातरीन कोरायचे काम बस्त्याव सुताराकडे आले. पण सुताराचे मन बाभळीपाशी. त्याने जन्मभर रहाट केलेले. चाक म्हटल्यावर हात तिकडेच वळला. पाद्रीबाबा संतापले. "अरे, हे छळाचं चाक आहे. कातरीनच्या सणाआधी काढून टाक."

त्याच दिवसांत आळीच्या जमीनदाराने बस्त्यावच्या लेकीला, रेमेदला, मागणी घातली. तिने आजन्म कुमारी राहायचे व्रत घेतले होते. ती नाही म्हणाली. आळीत बैल होते ते जमीनदाराचेच. त्याने ते विहिरीवरून सोडून नेले. पोरगी हो म्हणेपर्यंत रहाट फिरणार नाही, म्हणाला. पाऊस लवकर गेला होता. केळींनी माना टाकल्या. शेजारी दारात येऊन टोचून बोलू लागले. शेवटी बापाचाही धीर सुटला.

"बाय, हो म्हण गं. आळी मरेल."

"नाही मरणार, बाबा," ती म्हणाली, आणि विहिरीवर जाऊन तिने जू स्वतःच्या खांद्यावर घेतले.

सात दिवस ती एकटी फिरली म्हणे. जमीनदाराच्या धाकाने कोणी हात लावीना. पाणी मात्र सगळ्यांच्या वाफ्यांत गेले, टोचून बोलणाऱ्यांच्याही. आठव्या दिवशी लाज वाटून अख्खी आळी खांदा द्यायला आली, तेव्हा ती काठाला टेकून बसली होती. तिचा प्राण गेला होता.

सणाच्या आदल्या दिवशी बस्त्याव मूर्तीपुढे पटाशी घेऊन बसला, रहाट काढायला. पाद्रीबाबांनी त्याचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "चाक बरोबर आहे."

आता विहिरीवर पंप बसला. पण आजही उंबरआळीत मुलीला मागणी आली की आधी तिलाच विचारतात, आणि ती नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारायची कोणाची छाती होत नाही.