कुर्लूचं निळं झाकण

एक होता किनारा. किनाऱ्यावर वाळू. वाळूत एक शंख. शंखात कोण? शंखात कुर्लू.

कुर्लू म्हणजे इवलासा खेकडा. पुढं दोन नांग्या. मागं मऊ मऊ शेपूट. शेपूट इतकं मऊ, की गवत लागलं तरी दुखायचं. म्हणून कुर्लू शंखात राहायचा. शंख जुना होता. तपकिरी होता. पण आत गोल गोल खोली होती, अन् शेपूट तिच्यात छान मावायचं. कुर्लू चालायचा, खुरूक खुरूक, खुरूक खुरूक. पाठीवर शंख डुलायचा. कावळा आला, की कुर्लू आत. सुळ्ळ.

एकदा काय झालं? लाटेबरोबर एक झाकण आलं. बाटलीचं झाकण. निळं निळं. चकचकीत. कुर्लू बघतच राहिला.

"माझा शंख किती जुना," कुर्लू म्हणाला. "हे घर किती छान."

अन् आला की हो शंखातून बाहेर. झाकणात जाऊन बसला. शंख राहिला वाळूत. लाट आली, सळ्ळ. शंख घेऊन गेली.

आता कुर्लू झाकणात मावला का? कुठला मावतोय. डोकं आत, तर शेपूट बाहेर. शेपूट आत, तर डोकं बाहेर. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. कुर्लू पण फसला.

सुरूच्या झाडावर कावळा बसला होता. त्यानं मान वाकडी केली. "काव," म्हणाला.

कुर्लू घाबरला. "मी उगाच बाहेर आलो," तो म्हणाला. "उगाच आलो."

मग झाकण घेतलं पाठीवर. निघाला, खुरूक खुरूक, खुरूक खुरूक. आला समुद्राकडं.

"समुद्रबाबा, समुद्रबाबा, माझा शंख शोधा.
माझं शेपूट उघडं."

समुद्र म्हणाला, "शोधू कसा रे बाळा? पोट माझं बाटल्यांनी भरलंय. इकडं बाटली, तिकडं बाटली. शंख दिसेल कसा? खाडीला सांग, बाटल्या अडव. मग मी शोधतो."

कुर्लू निघाला, खुरूक खुरूक, खुरूक खुरूक. आला खाडीकडं.

"खाडीबाई, खाडीबाई, बाटल्या अडव.
समुद्रबाबा शोधत नाहीत.
माझं शेपूट उघडं."

खाडी म्हणाली, "अडवू कशी रे बाळा? ओढा आणून ओततोय, किती म्हणून अडवू? ओढ्याला सांग, बाटल्या आणू नको. मग मी अडवते."

कावळा उडाला. सुरूवरून माडावर आला. "काव."

कुर्लू निघाला, खुरूक खुरूक, खुरूक खुरूक. आला ओढ्याकडं.

"ओढोबा, ओढोबा, बाटल्या आणू नको.
खाडीबाई अडवत नाही.
समुद्रबाबा शोधत नाहीत.
माझं शेपूट उघडं."

ओढा म्हणाला, "खळ खळ खळ. मी काय करू रे बाळा? मावशी टाकते, मी वाहून नेतो. शेवंतामावशीला सांग, बाटल्या टाकू नको. मग मी आणत नाही."

शेवंतामावशी कोण? ओढ्याकाठी तिची सरबताची टपरी. कोकम सरबत. आवळ्याचं सरबत. गिऱ्हाईक यायचं, सरबत प्यायचं. बाटली रिकामी झाली, की मावशी मागच्या मागं ओढ्यात टाकायची. डुबुक्. मागं वळून बघायचीसुद्धा नाही.

कुर्लू निघाला, खुरूक खुरूक, खुरूक खुरूक. आला टपरीवर.

"मावशी, मावशी, बाटल्या टाकू नको.
ओढोबा ऐकत नाही.
खाडीबाई अडवत नाही.
समुद्रबाबा शोधत नाहीत.
माझं शेपूट उघडं."

मावशी म्हणाली, "मग ठेवू कुठं रे बाळा? टपरी माझी एवढीशी. तिच्यात मी बसू की बाटल्या बसवू? रज्जाकचाचांना सांग, गाडी आणा. मग मी टाकत नाही." अन् बोलता बोलता एक बाटली टाकलीच. डुबुक्.

कावळा उडाला. माडावरून टपरीवर आला. "काव."

कुर्लू निघाला, खुरूक खुरूक, खुरूक खुरूक. वडाखाली रज्जाकचाचांची हातगाडी उभी होती. भंगाराची गाडी. पण गाडीत भंगार नव्हतं. गाडीत चाचाच झोपले होते. घुर्र घुर्र.

"चाचा, चाचा, गाडी आणा.
मावशी थांबत नाही.
ओढोबा ऐकत नाही.
खाडीबाई अडवत नाही.
समुद्रबाबा शोधत नाहीत.
माझं शेपूट उघडं."

चाचांनी एक डोळा उघडला. "गाडी आणीन रे बेटा. पण बाटल्या नेऊन उतरवू कुठं? दळणारं यंत्र बंद आहे. यंत्राला सांग, बाटल्या दळ. मग मी गाडी आणतो." अन् डोळा मिटला. घुर्र घुर्र.

कुर्लू दमला. वाळू संपली होती. रस्ता तापला होता. शेपटाला खडे टोचत होते. शंख असता, तर शेपटाला खडा लागला असता का? नसता लागला. कुर्लूला रडू आलं. पण निघाला, खुरूक खुरूक, खुरूक खुरूक. आला पत्र्याच्या छपराखालच्या कारखान्यात. कोपऱ्यात यंत्र उभं होतं, मोठ्ठं तोंड उघडून.

"यंत्रदादा, यंत्रदादा, बाटल्या दळ.
चाचा येत नाहीत.
मावशी थांबत नाही.
ओढोबा ऐकत नाही.
खाडीबाई अडवत नाही.
समुद्रबाबा शोधत नाहीत.
माझं शेपूट उघडं."

यंत्र म्हणालं, "मी आपला आपण फिरत नाही रे बाळा. ताईनं कळ दाबली, की फिरतो. केतकीताईला सांग, कळ दाब. मग मी दळतो."

कावळा उडाला. टपरीवरून कारखान्याच्या खिडकीत आला. आता अगदी जवळ. "काव."

कुर्लू निघाला, खुरूक खुरूक, खुरूक खुरूक. केतकीताई दुसऱ्या कोपऱ्यात टेबलाशी बसली होती. गालावर हात ठेवून. कुर्लू टेबलावर चढला.

"ताई, ताई, कळ दाब.
यंत्रदादा दळत नाही.
चाचा येत नाहीत.
मावशी थांबत नाही.
ओढोबा ऐकत नाही.
खाडीबाई अडवत नाही.
समुद्रबाबा शोधत नाहीत.
माझं शेपूट उघडं."

ताईनं त्याच्याकडं बघितलं. मग टेबलाकडं बघितलं. टेबलावर होता एक कीबोर्ड. कॉम्प्युटरचा. टक टक करतात ना, तो. त्याची बटणं लाल, पिवळी, हिरवी. सगळी जुन्या बाटल्या अन् डबे दळून केलेली. पण एका बटणाची जागा रिकामी होती. तिथं नुसता खड्डा.

"हा शाळेतल्या मुलांसाठी करतेय," ताई म्हणाली. "पण 'क'चं बटण राहिलंय. क नाही, तर कमळ कसं लिहायचं? कासव कसं लिहायचं? हा पुरा झाल्याशिवाय दुसरा करायचा नाही, असं मी ठरवलंय. म्हणून यंत्र बंद. मला एवढंसं प्लास्टिक हवंय रे. पण सगळं जातं समुद्रात. माझ्याकडं काहीच येत नाही."

मग ताई पुढं वाकली. तिला ते दिसलं. कुर्लूच्या पाठीवर. निळं निळं.

"मागायला जीभ रेटत नाही," ताई म्हणाली. "पण समुद्रातून परत आलेलं हे एवढंच. देशील?"

कुर्लूनं झाकण घट्ट धरलं. "नाही," तो म्हणाला. "आधी माझा शंख मिळू दे. मग मी झाकण देतो."

ऐकलंत? काय म्हणाला कुर्लू? आधी ते, मग मी.

समुद्र तेच म्हणाला होता. आधी खाडी, मग मी. खाडी तेच म्हणाली होती. आधी ओढा, मग मी. ओढा, मावशी, चाचा, यंत्र, सगळे तेच. अन् आता कुर्लूसुद्धा.

कुर्लूच्या लक्षात आलं. त्याला फार वाईट वाटलं. खिडकीत कावळा होता. तरी कुर्लू झाकणातून बाहेर आला. सगळाच्या सगळा उघडा.

"घे ताई," तो म्हणाला.

ताईनं कुर्लूला ओंजळीत घेतलं. खिडकी लावली, धाप. कावळा राहिला बाहेर.

ताईनं कळ दाबली. यंत्र फिरलं, घर घर घर. झाकण दळलं, कर कर कर. ताईनं चुरा वितळवला. साच्यात ओतला. गार झाला. झालं बटण. निळं निळं. ताईनं ते खड्ड्यात बसवलं. टक्. क उमटला.

पण ताई हसली नाही. कुर्लूला ओंजळीत धरून म्हणाली, "चुकलं रे माझं. ओढा दोन पावलांवर होता. मीच जाऊन चार झाकणं वेचली असती, तर? तुझं घर मागावं लागलं नसतं. मी नुसती बसून राहिले."

मुलांनी कीबोर्ड नेला. टक टक, टक टक. आणखी हवा, म्हणाली. मग यंत्र थांबेना. घर घर घर.

आवाज ऐकून चाचा उठले. गाडी आणली, खडाड खडाड. कुर्लूला टोपीत ठेवलं, टोपी डोक्यावर. "इतके दिवस मी झोपलो," चाचा म्हणाले. "झोपायला नको होतं."

गाडी टपरीशी आली. मावशीनं बाटली उचलली, टाकायला. अन् हात थांबला. तिनं बाटली गाडीत ठेवली. चाचांनी टोपी काढली, अन् तिनं टोपीतला कुर्लू बघितला. केवढासा. उघडा. मावशीनं आपल्या हातांकडं बघितलं. "याच हातांनी टाकल्या रे मी," म्हणाली. अन् पदर डोळ्यांना लावला. मग कुर्लूला करवंटीत बसवलं. करवंटी ओढ्यात सोडली.

ओढ्यात आता बाटली नव्हती. पाणीच होतं नुसतं. ओढ्यानं करवंटी खाडीत नेली, हळू हळू, न हलवता. राहिलेल्या बाटल्या खाडीनं खारफुटीच्या मुळांत अडवल्या. "आधीच अडवायच्या होत्या," खाडी म्हणाली. अन् करवंटी समुद्राकडं दिली.

"समुद्रबाबा, समुद्रबाबा, माझा शंख शोधा.
माझं शेपूट उघडं."

समुद्र शोधू लागला. घुसळ घुसळ. एक लाट गेली. शंख नाही. दुसरी लाट गेली. शंख नाही. कुर्लू करवंटीत बसून राहिला. मग आली एक मोठी लाट, सळ्ळ. अन् वाळूत काय पडलं?

शंख. जुना. तपकिरी. कुर्लूचाच.

पण शंखाला एक भोक पडलं होतं. कड फुटली होती.

"बाटल्यांचे धक्के लागले त्याला," समुद्र म्हणाला. आवाज त्याचा बारीक झाला होता. "मी लवकर शोधायला हवा होता. उशीर झाला रे बाळा."

कुर्लूनं भोकाला नांगी लावली. मग शेपूट आत घातलं. हळूच. गोल गोल खोलीत. मावलं. सगळं मावलं.

"काव," कावळा म्हणाला.

कुर्लू आत. सुळ्ळ.

कावळा भुर्र.

मग पुष्कळ दिवस गेले. कीबोर्ड झाले, दिवे झाले, रेडिओ झाले. यंत्र फिरतच राहिलं. चाचांनी किनाऱ्यावर एक पोतं बांधून ठेवलं.

एकदा काय झालं? लाटेबरोबर एक झाकण आलं. लाल लाल. चकचकीत. कुर्लूनं बघितलं. थोडा वेळ बघितलं हं, खोटं कशाला सांगू. मग दोन्ही नांग्यांनी झाकण ढकललं. खुरूक खुरूक, खुरूक खुरूक. पार पोत्यापर्यंत. टाकलं आत.

संध्याकाळी वारा सुटला. शंखाच्या भोकातून आवाज आला.

"हूं हूं."

"हो रे," कुर्लू म्हणाला. "पुन्हा नाही जाणार तुला सोडून."

"हूं हूं."

"हो, हो. नाही जाणार."

वारा सुटला, की अजून शंख विचारतो. अन् कुर्लू अजून सांगतो.

लाट आली, लाट गेली,
आमची गोष्ट शंखात निजली.