बांधाचे दगड

फार पूर्वीची गोष्ट. सांगणारे सांगून दमले, ऐकणारे ऐकून विसरले, म्हणून पुन्हा एकदा सांगायची, एवढंच.

डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा तलाव होता. त्याचं पाणी अडवायला दगडामातीचा लांबलचक बांध होता, आणि बांधाच्या खाली, ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. एक उगवतवाडी, दुसरी मावळतवाडी. दोघांच्या शेतांना पाणी त्याच तलावाचं. सोयरिकीही आपसांतच व्हायच्या.

दरवर्षी वैशाखात दोन्ही गावं मिळून बांध दुरुस्त करायची. उगवतवाडीने आपल्या टोकाकडून सुरुवात करायची, मावळतवाडीने आपल्या, आणि बरोबर मध्यावर गाठ पडायची. शेवटचा दगड दोन्ही गावच्या गवंड्यांनी मिळून बसवायचा. मग तिथेच जेवण. त्या जेवणाची रीत अशी, की आपल्या गावची भाकरी आपण खायची नाही, समोरच्या गावची खायची. कुणाची भाकरी जाड झाली, कुणाच्या ठेच्याने डोळ्यांत पाणी आणलं, यावरून वर्षभर पुरेल एवढी थट्टा चालायची.

उगवतवाडीचा गवंडी होता म्हादबा. हाताचा पक्का, स्वभावाचा मऊ. त्याची एकुलती एक लेक ठकू मावळतवाडीत दिलेली. ओढ्यापलीकडे अगदी समोरच तिचं घर. म्हादबा सकाळी दारात चूळ भरायला उभा राहिला, की पलीकडे ठकू अंगण झाडताना दिसायची. ती खराटा उंचावून दाखवायची, हा तांब्या उंचावून दाखवायचा. ठकूची आई कधीच देवाघरी गेली होती. तेव्हा बापलेकीचं हे एवढंच सुख होतं, आणि ते पुरत होतं.

एका वर्षी काय झालं, उगवतवाडीच्या पाटलांची दुभती म्हैस नाहीशी झाली. वाघाने नेली, ओढ्याला वाहून गेली, देव जाणे. पण कुणीतरी म्हणालं, “मावळतवाडीकडे जाताना दिसली होती बुवा.” नेमके त्याच आठवड्यात मावळतवाडीचे दोन बोकड गेले. तिथेही कुणीतरी असंच काहीतरी म्हणालं. असं म्हणणारा माणूस प्रत्येक गावात एक असतोच, आणि त्याला नंतर कुणी जाब विचारत नाही.

पाटलांनी म्हादबाला बोलावलं. “ओढ्याच्या काठाने एक गडगा घाल. फार नको, गुडघ्याएवढा. सावध असलेलं बरं.”

म्हादबाने गुडघ्याएवढा गडगा घातला. पलीकडच्या लोकांनी तो पाहिला. “यांना भिंत कशाला लागते? नक्कीच यांच्या पोटात काहीतरी आहे,” असं म्हणून त्यांनी कमरेएवढी भिंत घातली. ती घातली गोंदा गवंड्याने, म्हादबाच्याच हाताखाली शिकलेल्या. ती पाहून उगवतवाडीचे लोक पुन्हा दगड वाहायला लागले. त्यांनी छातीएवढी केली. पलीकडे डोक्याएवढी झाली. इकडे आणखी दीड हात, तिकडे दोन हात. भिंतीवर आधी एक पहारेकरी बसला, मग दोन, मग गावातले निम्मे गडी आळीपाळीने बसायला लागले. कशावर पहारा? तर पलीकडच्या पहारेकऱ्यांवर.

भिंत डोक्याच्या वर गेली त्या दिवशी म्हादबाला ठकू दिसेनाशी झाली. सकाळी तो तांब्या घेऊन दारात आला, समोर बघितलं, आणि चूळ न भरताच आत गेला. आपल्याच हाताने आपण लेक झाकली, हे त्याच्या मनाला फार लागलं. पण बोलणार कुणाला?

अशी आठ वर्षं गेली. ठकूला मूल झाल्याचं त्याला एका बैराग्याकडून कळलं. मुलगा की मुलगी, ते बैराग्याला सांगता आलं नाही. वैशाखातली दुरुस्ती तर केव्हाच बंद पडली होती, कारण मध्यावर जाऊन त्यांच्याशी गाठ कोण घालणार? म्हादबाचे गुडघे गेले, पाठ गेली. शिडी चढताना तो दर दोन पायऱ्यांना थांबायचा आणि “अगं आई गं” म्हणायचा. तरी भिंत काही पुरी होत नव्हती. पुरी होणार कशी? ती किती उंच हवी, हे पलीकडचे ठरवत होते आणि त्यांची किती उंच हवी, हे इकडचे.

मग दगड संपले. खाणीतला संपला, शेतातला संपला. लोकांनी ओटे उकरून दिले, देवळाच्या पायऱ्या दिल्या, एका म्हातारीने रडत रडत आपलं जातं दिलं. तेवढ्यात पहारेकरी बातमी घेऊन आला, की मावळतवाडीवाले बांधाच्या त्यांच्या टोकाचे दगड काढून नेतायत.

“बघा!” पाटील कडाडले. “आणि आपण इथे जाती गोळा करतोय. म्हादबा, उद्यापासून आपल्या टोकाचे दगड काढ.”

म्हादबा म्हणाला, “पाटील, तो बांध आहे.”

“एवढा मोठा बांध. चार दगडांनी काय होतंय? आपण नाही नेले, तर तेच येऊन नेतील.”

इथे म्हादबाने ठाम नाही म्हणायला हवं होतं. त्याला बांध ठाऊक होता. कुठल्या दगडावर कुठल्या दगडाचा भार आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दमलेल्या माणसाला हो म्हणणं सोपं जातं हो. वाद घालायला त्राण लागतं, आणि ते त्याच्यात उरलं नव्हतं. तो म्हणाला, “बरं. वरचा थर तेवढा काढतो.”

वरचा काढला. पलीकडच्यांनी खालचाही काढल्याचं कळलं, मग याने खालचाही काढला.

त्या साली पाऊस झड लावून बसला. श्रावण सरायच्या आत तलाव काठोकाठ भरला. एका सकाळी पाऊस जरा उघडला, तसा म्हादबा काठी टेकत बांधावर गेला. मध्यावर, जिथे दोन्ही गावांची गाठ पडायची, तिथे बांधाच्या पायातून पाणी झिरपत होतं. पाझर तर नेहमीच असायचा, त्याचं काही नाही. पण हे पाणी गढूळ होतं. त्याने ओंजळीत धरलं, बोटांनी चोळलं. बांधाच्या पोटातली माती वाहून येत होती.

तो तसाच पाटलांकडे गेला. “पाटील, बांध मध्यावर पोखरतोय. दुपार कलायच्या आत शंभरेक पाट्या दगड तिथे पडला नाही, तर बांध जाईल. गडी द्या. आणि दगड भिंतीचा काढावा लागेल, दुसरा दगड गावात नाही.”

पाटलांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता तो, भ्यालेला होता. “भिंत काढायची? आणि गडी बांधावर पाठवायचे? म्हणजे मावळतवाडीला आपण होऊन दार उघडून द्यायचं?”

“पाणी दोघांनाही सोडणार नाही, पाटील.”

“मग आधी त्यांना उतरवू देत त्यांचे गडी. त्यांनी दहा दगड काढले, तर आपण अकरा काढू.”

म्हादबा तिथेच मटकन खाली बसला. त्याला या सगळ्याचा इतका वीट आला होता, की रागवायचंही जिवावर आलं. ठकूचं घर पलीकडे ओढ्याच्या अगदी काठाला. पाणी आलं तर पहिलं तेच जाणार. आठ वर्षं तिला पाहिलं नव्हतं, आणि आता बहुधा पाहणं व्हायचंच नव्हतं.

थोड्या वेळाने तो उठला. घरी जाऊन त्याने पहार घेतली, डोक्याला चुंबळ घेतली, आणि भर उजेडात, सगळ्यांच्या देखत, आपल्याच दारासमोर भिंत फोडायला लागला.

गावात एकच गलका उडाला. “म्हादबा फितूर झाला! लेकीपायी गाव विकलं!” कुणी त्याच्या अंगावर चिखल फेकला. एका तरण्या गड्याने पहार धरली. म्हादबा त्याला म्हणाला, “तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. मारायचं तर मार, नाहीतर बाजूला हो. मला वेळ नाही.” त्या गड्याने हात सोडला.

भिंतीला खिंडार पडलं. पलीकडच्या भिंतीवरून आरोळी उठली, “भिंत फोडून येतायत! भाले काढा!” चाळीस भाले खिंडाराकडे रोखले गेले. आणि खिंडारातून बाहेर आला कोण? तर डोक्यावर दगड घेतलेला एक वाकलेला म्हातारा. त्याने भाल्यांकडे पाहिलंदेखील नाही. धापा टाकत तो बांधावर चढला, दगड मध्यावर टाकला, परत आला. दुसरा नेला. परत आला. तिसऱ्याच्या वेळी चिखलात पडला, उठला, दगड पुन्हा डोक्यावर घेतला.

पलीकडे गोंदा गवंडी हे बघत होता. म्हातारा दगड कुठे टाकतोय ते त्याने पाहिलं, आणि गवंडी असल्यामुळे त्याला दुसरं काही विचारावं लागलं नाही. “अरे, बांध चाललाय!” तो ओरडला. “भाले कसले धरताय, पहारी आणा!”

त्याच्या गावाने त्याचं लगेच ऐकलं, असं काही झालं नाही. त्यांचा पाटील म्हणत होता, हा डाव असेल. तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे आली. तिने भिंतीवरचा दगड ओढून खाली घेतला, पदराची चुंबळ केली आणि दगड घेऊन बांध चढायला लागली. तिच्यामागे सातआठ वर्षांची एक पोर, हातात तिला पेलेल एवढा धोंडा घेऊन.

बांधावर म्हादबाची आणि तिची गाठ पडली. ठकूने बापाकडे पाहिलं आणि तिला हुंदका आला. “आबा, किती हो वाळलात!”

“मुलगी झाली होय तुला,” म्हादबा म्हणाला. डोळे पुसायलाही हात मोकळे नव्हते, दोन्ही हातांनी दगड धरला होता. “टाक तो तिथे. पायाशी टाक, वर नको.”

हे दोन्ही गावांनी पाहिलं. आधी मावळतवाडीच्या चार बाया आल्या, मग उगवतवाडीचा तो तरणा गडी, मग माणसांची रांगच लागली. दोन्ही भिंतींचे दगड हातोहात बांधावर यायला लागले. शेवटी दोन्ही पाटीलही रांगेत उभे राहिले, कारण नुसतं बघत उभं राहण्याची लाज वाटायला लागली.

दुपार कलली तेव्हा मध्यावरचा पाझर स्वच्छ झाला होता. बांध सावरला. पण सगळा नाही. मावळतवाडीचं टोक कसंबसं तगलं. उगवतवाडीच्या टोकाला, जिथले दोन थर म्हादबाने स्वतःच काढले होते, तिथे बांध खचला आणि पाणी खाली धावलं. त्यातून वाईट म्हणजे उरलेली भिंत. तिने ते पाणी ओढ्याला जाऊच दिलं नाही, खालच्या आळीत तुंबवून धरलं. मावळतवाडीचे गडी पहारी घेऊन पाण्यात उतरले, भिंत तीन ठिकाणी फोडली, तेव्हा कुठे पाणी हटलं. नऊ घरं गेली, उभं भात गेलं. माणूस मात्र एकही गेलं नाही, कारण माणसं सगळी बांधावर होती.

गेलेल्या नऊ घरांत एक म्हादबाचं होतं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, “ते टोक माझ्या हाताने गेलं. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो.” कुणी त्याला बोल लावला नाही. ज्यांनी बांधाचे दगड भिंतीवर वाहिले होते, तेही खाली बघत उभे राहिले.

संध्याकाळच्या उन्हात सगळे चिखलाने माखलेले बांधावर बसले होते. उगवतवाडीचे पाटील म्हादबाजवळ येऊन टेकले. ओढ्याच्या दोन्ही काठांच्या भिंतींना आता जागोजाग खिंडारं पडली होती, कुणालाही आरपार जाता आलं असतं. ते बघून पाटलांचा जीव कासावीस झाला.

“म्हादबा, भिंत गेली,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आता मला झोप कशी लागायची?”

म्हादबाने विचारलं, “भिंत होती तेव्हा लागत होती का, पाटील?”

पाटलांनी हातावरचा चिखल खरवडला. मग मान हलवत म्हणाले, “नाही रे बाबा. आठ वर्षं डोळ्याला डोळा लागला नाही.”

चार हातांवर मावळतवाडीचे पाटील पाय पसरून बसले होते. त्यांच्या कानावर हे पडलं. ते दमलेल्या आवाजात म्हणाले, “मला तरी कुठे लागली?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बांधाच्या खचलेल्या टोकाचं काम उद्या कुणी कुठून धरायचं, याचं बोलणं सुरू झालं. म्हादबाने ते ऐकलं नाही. तो लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच, दगडांवर, गाढ झोपला होता. तो जागा होऊ नये म्हणून दोन्ही पाटील हळू आवाजात बोलत राहिले.

तात्पर्य: शेजारी भ्यालेला असेल, तोवर आपण निर्धास्त होत नाही. म्हणून भिंत उंच करण्याआधी, तिचा दगड आपण कुठून काढतोय ते पाहावं.