मोरेनिकेचा ठसका

"म्हणजे मी गाणं सोडून द्यावं, असंच ना ईया?"

म्हातारीने मान वर केली नाही. ती कलिंगडाच्या बिया सोलत बसली होती.

"मी कुठं काय म्हणाले? तूच म्हणालीस. मी अजून तोंडसुद्धा धुतलं नाही."

आता ही विचारणारी कोण, तर मोरेनिके. आईबाप नायजेरियातले, इबादानचे, जन्म लंडनचा. चर्चमध्ये गाता गाता आवाज तयार झाला. मग झोपायच्या खोलीत मायक्रोफोन लावून तिने स्वतःच लिहिलेलं गाणं रेकॉर्ड केलं, आणि ते असं काही चाललं, की टॅक्सीत तेच, न्हाव्याकडे तेच, दाताच्या डॉक्टरकडे दाढ उपटून घेतानाही तेच. नाव लांब पडतं म्हणून कंपनीने ते छाटून 'रेनी' केलं. मोठं बक्षीस मिळालं. ते घेताना बाई रडली, आणि ते रडणंही म्हणे सुरात होतं.

मग गाणं आटलं. दोन वर्षं एक ओळ सुचेना. कंपनी म्हणाली, जरा आजोळी जाऊन ये, मुळं शोध. जशी काही मुळं बाजारात जुड्या बांधून ठेवलेली असतात!

तर ती इबादानला आली आणि अबेके म्हातारीपुढे तिने गुडघे टेकले. आळीतले सगळे म्हातारीला ईया म्हणत, म्हणजे आई. लग्न असो, बारसं असो, मयत असो, गाण्याची पहिली ओळ ईयाने उचलल्याशिवाय तिथं कार्य सुरू होत नसे.

"इतके दिवस झाले, तुम्ही मला काही शिकवलं नाही. नुसत्या बिया सोलायला लावल्या."

"नीट कुठं सोलल्यास? निम्म्या तर मोडल्यास."

"ईया, मी थट्टा करत नाहीये. उद्या मला कंपनीला कळवायचंय, गाणं आहे की नाही. नसेल तर... मी पुन्हा गाणार नाही. ठरलंय माझं."

म्हातारीचे हात थांबले.

"तुझ्या गाण्यात मागून कोण गातं?"

"मागून? मीच!" मोरेनिकेला जरा हुरूप आला. "आधी मुख्य ओळ म्हणते. मग तिच्यावर माझाच दुसरा आवाज, त्यावर तिसरा... कधी कधी पंधरा-वीस आवाज होतात. सगळे माझेच. एकही बेसूर नाही."

"एवढ्या बायका, आणि भांडण नाही?"

"नाही."

"अरेरे," ईया म्हणाली, आणि अगदी मनापासून हळहळली.

त्याच सकाळी शेजारच्या दुपेच्या नातीचं बारसं होतं. अंगण भरलं होतं. ईयाने जाहीर करून टाकलं, आज पहिली ओळ ही पोरगी उचलेल.

दुपेने मोरेनिकेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हिला आपलं बोलणं येतं का?"

"बोलणं येतं. गप्प बसणं येत नाही."

मोरेनिके गायली. ओळ तिची, उत्तरही तिचंच, आणि मधली सगळी जागा तिने हरकतींनी अशी भरली, की मुंगी शिरायची नाही. लोकांनी फोन वर धरले. ढोलवाल्याची काठी हवेतच राहिली.

"फार सुंदर," दुपे कुजबुजली. "आता आम्ही घरी जायचं का?"

मोरेनिकेने ऐकलं. मोठमोठ्या सभागृहांतही हीच शांतता असायची. तिला वाटायचं, हा मान आहे. आज त्या शांततेत तिला हुडहुडी भरली, तीसुद्धा इबादानच्या उन्हात. तिने ईयाकडे पाहिलं. संपलं सगळं, असंच पोरीच्या नजरेत होतं.

तेवढ्यात बारशाचं ताट आलं. मध, मीठ आणि अतारे. अतारे म्हणजे मिरीहून जहाल बी; बाळाच्या नावाने सगळ्यांनी दाणा-दोन दाणे चाखायचे. ईयाने मोरेनिकेच्या हातावर मूठभर ओतले.

"चाव."

"एवढे?"

"लंडनच्या लोकांना जास्त लागतात. हं, आता मुलीशी बोल. मनाला येईल ते बोल."

मोरेनिकेने चावले, आणि सूर लावला: "आलीस का गं बाई, आम्ही कधीचे..."

आणि ठसका!

डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. अर्धी ओळ तशीच लोंबकळत राहिली...

"...उभे होतो दारात!" दुपे ओरडली. आवाज फाटक्या पत्र्यासारखा.

"दारात काय? अंगणात म्हण!" स्वयंपाकाच्या बाया मागून गरजल्या.

"नात माझी आहे! दारात!"

ढोलवाल्याने काठी हाणली. एक बाजू दारात, एक बाजू अंगणात, आणि मधे मोरेनिके डोळे पुसत हसतेय. तिने दुसरी अर्धी ओळ टाकली आणि थांबली. या खेपेला ठसका नव्हता. उत्तर आलं. मग तिसरी. दोन वर्षं जी एक सापडेना, ती अशी रांग लावून आली. बाळ तेवढं झोपून होतं.

दिवस कलला तेव्हा मोरेनिकेचा घसा पार बसला होता आणि चेहरा उजळला होता.

"ईया, गाणं आलं. पण ते अर्धंच माझं आहे."

"अर्धं दुपेचं. तिला सांगू नकोस, नवे कपडे शिवायला टाकेल."

"सांगितलंसुद्धा. सगळ्यांना घेऊनच गाणार आहे मी. कंपनीलाही तसंच कळवलं." ती जरा घुटमळली. "पण ईया... एखाद्या दिवशी मी अशी थांबले, आणि कोणीच ओ दिली नाही, तर?"

ईयाने ताटातला उरलेला मध बोटाने पुसून चाटला. पलीकडच्या आळीत कोणाचा तरी ढोल चालला होता...

"तर कुठंतरी दुसऱ्याचं गाणं चाललेलं असेल. तिथं जा, आणि मागं उभी राहा."