खारकड्याची वेस

एका राज्यात समुद्रालगत एक राखीव किनारा होता. त्याचे नाव खारकडा. तिथे काळे कातळ होते, कातळांत गुहा होत्या, उंच कड्यावरून जाणाऱ्या अरुंद पायवाटा होत्या. आणि वाळूत कासवे, दगडांत खेकडे अमाप होते. पूर्वजांनी नियम घालून दिला होता: वाटेने जावे, डोळे भरून पाहावे, रिकाम्या हाताने परतावे. नियम का घातला, हे मात्र लोक विसरून गेले होते. माणसाची जात, दुसरे काय!

राजपुत्र शशिकेतू खारकडा पाहायला गेला, तो परतलाच नाही. त्याची धाकटी बहीण मेघावती शोधाला निघाली. दुधाने तोंड पोळले की लोक ताकही फुंकून पितात. ही पोळण्याआधीच फुंकत असे. दरबारात तिला यावरून हसत.

वेशीबाहेर एक पांढऱ्या दाढीचा पुरुष बसला होता. खांद्याला झोळी, जिभेवर खडीसाखर.

"ये, बाळे. मी लवणस्वामी, या किनाऱ्याचा रखवालदार. तुझा भाऊ मायेत अडकला आहे. तीन वस्तू आण, तो सुटेल. गुहेतला मोती, कासवाचे अंडे, समुद्रगरुडाचे पीस."

"आपणच का आणत नाही?"

"म्हातारे पाय, निसरडे कातळ."

रखवालदारच चोरी करायला सांगतो, म्हणजे कुंपणच शेत खाऊ लागले की काय? मेघावतीच्या मनात पाल चुकचुकली. पण भावाच्या जिवाचा प्रश्न होता. ती आत गेली.

पहिली वाट गुहेत उतरली. कातळावर खेकडेच खेकडे. मेघावतीची सावली त्यांच्यावर पडली, पण एकही पळाला नाही. खेकडा सावलीला भितो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हे मात्र नांग्या जोडून बाजूला सरकले. उघड्या शिंपल्यात मोती होता. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला.

दुसरी वाट वाळूत गेली. अंड्यांच्या खड्ड्यावर भर उन्हात एक कासव आडवे झाले होते. त्याने तिच्या पावलावर मान टेकली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. तिला त्याची दया आली आणि त्याचा संशयही आला. तिने अंड्याला हात लावला नाही.

तिसरी वाट कड्यावर चढली. गरुडाचे पीस पडले होते आणि त्याच्याशेजारी टिटवी बसली होती.

"उचलू नकोस," टिटवी म्हणाली.

"तुझे तरी खरे कशावरून?"

"माझे मानू नकोस. जे पाहिलेस ते मान. ते खेकडे, ती कासवे, सारे पाहुणे होते. इथली वस्तू घेऊन वेस ओलांडणारा प्राणी होऊन आतच राहतो. वस्तू तेवढी बाहेर पडते."

बाहेर कोणाची झोळी वाट पाहत होती, हे मेघावतीला सांगावे लागले नाही.

"शाप कसा तुटेल?"

"बाहेर गेलेले सारे आपापल्या जागी परत आले की."

ती मूठ मिटून वेशीच्या आत उभी राहिली.

"आणलेस?" लवणस्वामीने विचारले.

"आणले."

"मग बाहेर ये."

"आपण आत या."

"आधी तू."

"आधी आपण."

चोराच्या मनात चांदणे. तो हलेना. तेव्हा मेघावतीने मूठ उघडली. तिने स्वतःच्या कानातला मोती आधीच काढून ठेवला होता, तो आतल्या कातळावर घरंगळत सोडला. लवणस्वामीचा संशय मोठा होता, पण हाव त्याहून मोठी होती. तो झेपावला, मोती उचलला आणि बाहेर वळला. तिने त्याची झोळी आतून घट्ट धरली. चोरीचा माल खांद्यावर आणि पाय वेशीवर! झोळी तिच्या हातात राहिली. लवणस्वामी खेकडा होऊन आतल्या फटीत शिरला.

मेघावतीने मोती गुहेत नेले, अंडी वाळूत ठेवली, पिसे घरट्यांत. शेवटचे पीस ठेवताच किनाऱ्यावर माणसेच माणसे उठून उभी राहिली. फटीतला खेकडा तेवढा मेघावतीचा मोती सोडेना, म्हणून खेकडाच राहिला. रडवे कासव होते तिथे शशिकेतू उभा होता. तिने त्याला मिठी मारली आणि लहान मुलीसारखी रडली.

माणसे एकेक करून बाहेर पडली. शशिकेतू शेवटी उजवी मूठ मिटून वेशीकडे निघाला, तशी ती आडवी आली.

"दादा, उजवी मूठ उघड."

त्याचा चेहरा लाल झाला. "मेघा, मी तुझा सख्खा भाऊ. माझ्यावरही संशय?"

"तुझ्यावरच जास्त. दुसरे कोणी गेले तर मला वाईट वाटेल. तू गेलास तर मी जगायची नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत त्याचा जीव होता. त्याने ती उघडली. आत एक लहानसा मोती होता.

"एक मोती त्याला द्यायला घेतला होता," तो पुटपुटला. "हा तुझ्या लग्नासाठी इथेच वाळूत लपवला होता, तो आता उचलला."

तिला हुंदका आला, पण तिने त्याला हाताला धरून गुहेपर्यंत मागे नेले. मोती शिंपल्यात ठेवला, तेव्हाच शाप पुरता तुटला. मग भावंडे रिकाम्या हातांनी वेशीबाहेर आली आणि राज्याला वारस मिळाला.

पुढे शशिकेतू राजा झाला. लोक निर्भयपणे खारकडा पाहू लागले. राजाही दर साली जाई. परतताना वेशीवर मेघावती उभी असे, आणि तिने विचारण्याआधीच तो दोन्ही तळवे पुढे करी. ती ते उलटेसुलटे करून नीट पाही आणि मगच बाजूला होई.