मोहाखालची काठी

त्या मोठ्या मोहाच्या बुंध्याला टेकवलेली काठी दिसते ना, तिला हात लावू नका. आमच्या गावात कुणी जनावराचा आवाज काढत नाही, रडणाऱ्या बाळाला हसवायलाही नाही. हसू येतंय तुम्हाला, येऊ द्या. आधी ऐका.

मोह फुलला की वानर, चितळ आणि माणूस, तिघांनाही तीच फुलं हवी असतात. वानर वरूनच निम्मी खातं, खाली पडतील त्यांवर चितळ आणि आमच्या बायका तुटून पडतात. पण वाघ आला की भांडण मिटतं. वानराला उंचावरून दिसतं, चितळाला खालून वास येतो. ज्याला आधी कळेल तो ओरडतो आणि सगळे पळतात. भांडण फुलांपुरतं, जिवापुरती सोयरीक, असं आमचे जुने लोक म्हणत.

फार पूर्वी इथे झिंगरू नावाचा शिकारी होता म्हणे. वाघ दिसला की वानर खाकरल्यासारखं ओरडतं, तसा तो हुबेहूब खाकरायचा. झाडीत लपून खाकरला की चितळं घाबरून पळायची, ती थेट त्याच्या जाळ्यात. गाव पोटभर जेवायचं आणि त्याची वाहवा करायचं. दोष एकट्याचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो.

हळूहळू चितळं शहाणी झाली. वानर खाकरलं तरी मान वर करायची, आणि पुन्हा फुलं खायची. वानरं ओरडून ओरडून थकायची. वाघाचं मात्र फावलं.

झिंगरूला सुकरो नावाची एकुलती एक लेक होती. एका पहाटे ती मैत्रिणीबरोबर, जनीबरोबर, या मोहाखाली फुलं वेचत होती. वर वानर खाकरलं. जनीने तिचा हात धरून ओढलं. सुकरोने हसत हात सोडवून घेतला.

"अवं, माहा बाबा आहे थो. भेतेस कायले?"

झिंगरू तेव्हा घरी होता. खरं वानर कोणतं आणि खोटं कोणतं, हे गावात त्याला एकट्यालाच कळायचं. तो जीव खाऊन धावला, असं सांगतात. जनी पळून वाचली होती. इथे टोपली उपडी पडली होती, फुलं सांडली होती, आणि वर वानर अजून ओरडतच होतं.

त्यानंतर झिंगरू मरेपर्यंत बोलला नाही. आपल्या तोंडावर त्याचाच विश्वास उरला नव्हता. दर मोसमात तो इथे काठी घेऊन बसायचा. वानर खाकरलं की बुंध्यावर काठी आपटायचा, म्हणजे हे खरं आहे, पळा. बाप होता हो तो. दुसरं काय करणार होता?

आजही वानर खाकरलं की जवळ असेल तो ती काठी आपटतो. बायका टोपल्या टाकून उठतात. पुष्कळदा वाघ नसतोच, एखादं कुत्रं असतं. सांडलेली फुलं मग चितळांसाठी तशीच राहतात. कुणी कुरकुरत नाही. आणि उठताना प्रत्येक बाई शेजारणीचा हात धरते. ती हसली तरी सोडत नाही.